आबांचा हात

नित्या आली तेव्हा वर गच्चीत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ती वाकून आत शिरली, चपलांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि उभीच राहिली. मीनाक्षीनं बस म्हटलं, कॉफी विचारली. तिनं दोन्हीला नुसती मान हलवली.

"अप्पांच्या पायाला जखम झालीय, आंटी," ती तमिळमध्ये म्हणाली. "उजव्या. काल सकाळी चादरीला रक्त दिसलं म्हणून कळलं तरी. ते आपले रोज म्हणत होते, नवी चप्पल झकास आहे. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला टेकवायचा नाही. जखम हाडापर्यंत गेली तर बोटं काढावी लागतील."

मीनाक्षीनं उजवी चप्पल बाहेर काढून आत बोटं घातली. अंगठ्याच्या मागे, जिथं सगळा भार येतो तिथं, अस्तराखाली चिकटवायच्या सोल्युशनचा वाळलेला खडा होता. डाळीच्या दाण्याएवढा. चांगल्या पायाला तो दुकानाच्या पायरीवरच टोचला असता आणि माणूस कुरकुरत परत आला असता. पण नित्याच्या वडिलांचे, नारायणस्वामींचे, पाय मधुमेहानं बधिर झालेले. ते बिचारे त्या खड्यावर उभं राहून रोज भाजी आणत होते.

नित्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मीनाक्षीला जरा बरं वाटलं असतं.

"अय्यांना आज सांगू नका," नित्या म्हणाली. मीनाक्षीच्या सासऱ्यांना सगळी गिऱ्हाइकं अय्याच म्हणत. "त्यांचा मोठा दिवस आहे, अप्पांनीच बजावलंय. मी आले ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या कोणाच्या जोडात असं राहिलं असेल तर तुम्हाला बघता यावं."

"तू बस गं. मी आले वरून."

जिना चढताना मीनाक्षीनं पदर सावरला. साडी नवी, टी. नगरच्या बाजारातून खास आजच्यासाठी आणलेली. अजून तिला कापडदुकानाचा वास येत होता. ती साडी अंगावर आहे याची तिला त्या क्षणी इतकी शरम वाटली की वर जाऊन आधी ती बदलावी असं मनात आलं.

शेजवळांच्या या मद्रासमधल्या दुकानात खिळा नाही. पन्नास वर्षांत एकही आलेला नाही, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा दोऱ्यानं गजाला बांधलेलं. इथं येणारे पाय कुष्ठरोगानं नाहीतर मधुमेहानं बधिर झालेले असतात. त्यांना काही टोचत नाही, हेच त्यांचं दुखणं. म्हणून सगळं काम शिवण्याचं आणि चिकटवण्याचं, तळाला मऊ रबर, आणि जोड पुरा झाला की विद्याधर शेजवळ, म्हणजे आबा, डोळे मिटून त्यात उघडा हात घालणार. टाचेपासून बोटांपर्यंत, मग कडेनं, मग पट्ट्यांखालून. ओठ हलत असायचे. काय पुटपुटतात ते कोणी विचारलं नव्हतं, पण त्या क्षणी जोड गिऱ्हाइकाचा राहत नाही, प्रभूचा होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर त्याला कोणी हात लावायचा नाही. मीनाक्षीची मुलगी ऊर्मी कॉलेजातून ऑर्थोटिक्स, म्हणजे अधू पायांचे जोड करण्याची विद्या, शिकून दुकानात बसायला लागली, तेव्हा तिनं एकदा आबांनी पाहिलेली चप्पल पुन्हा चाचपली होती. आबा चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "देवापुढं ठेवलेलं पुन्हा उचलून बघतात का गं?" नातीनं कानाला हात लावला, आणि तो घरचा कायदा आणखी पक्का झाला.

वरच्या खोलीत तिघं होती. मीनाक्षीचा नवरा शमुवेल दाढी करून बनियनवर बसलेला. दुकानाला पन्नास वर्षं झाली म्हणून संध्याकाळी गच्चीत आभाराची उपासना होती, तिथल्या भाषणाचा कागद त्याच्यासमोर. त्याची धाकटी बहीण शर्मिष्ठा कालच पुण्याहून आली होती. तिकडं ती मोठ्या इस्पितळात मेट्रन, त्यामुळं आल्या पावली तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली होती. आत्ता ती आबांसाठी आणलेल्या शालीची घडी मोडून पुन्हा घालत होती. ऊर्मी खिडकीत उभी राहून गच्चीवरच्या माणसांना तमिळमध्ये सूचना देत होती. आबा आतल्या खोलीत पडले होते. जेवण झाल्यावर त्यांना घटकाभर लवंडायला लागतं.

मीनाक्षीनं चप्पल टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. दार लोटलेलं होतं, तरी ती हलक्या आवाजात बोलली.

"जोड कोणाच्या हातचा?" शर्मिष्ठानं विचारलं.

"माझ्या," ऊर्मी म्हणाली. तिनं चप्पल घेतली, बोट घातलं आणि तिचा चेहरा उतरला. "तळ चिकटवताना थेंब पडलेला असणार. मी बघायला हवं होतं, आत्या. पण मला माहीत होतं ना, पुढं आबांचा हात फिरणार आहे. त्यांच्या हाताखालून केस सुटत नाही."

"मग हा कसा सुटला?"

मीनाक्षी खुर्चीची पाठ धरून उभी होती. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी मन हललं की तिच्या बोलण्यात माहेरची मराठी डोकं वर काढायची.

"आबांच्या बोटांस कळत नाही," ती म्हणाली. "नाताळापासून मज ठाऊक. कॉफीचा टंबलर उकळता होता, मी चिमट्यानं उतरवलेला. त्यांनी तो सरळ हातात घेतला आणि बोलत बसले. बोटं लाल झाली. त्यांनी बघितलंही नाही."

गच्चीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

"आणि तू गप्प बसलीस?" शर्मिष्ठानं शाल बाजूला ठेवली.

"गप्प कशी बसू? मी त्यांच्या मागून हात घालत होते. फडक्यानं पुसते म्हणायचं आणि बघायचं. एकदा गाठ सापडली, एकदा अस्तराची चुणी. काढून टाकली. जोड खालीच असतो, मीच बांधून देते, कोण विचारतं मज? नारायणस्वामींचा जोड गेला त्या दिवशी मी टी. नगरला गेले होते." तिनं साडीच्या काठाला हात लावला. "हिच्यासाठी."

शमुवेलनं बायकोकडं पाहिलं. तिच्या हातून असं काही घडेल हे त्याला खरंच वाटेना, आणि तिनं ते एकटीनं इतके महिने वाहिलं, याचं त्याला वाईटही वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आज कोणी काही बोलायचं नाही. पाच वाजता पाळकसाहेब येतायत, अख्खं मराठी प्रार्थना मंडळ येतंय. उपासना पार पडू दे. उद्या सकाळी मी स्वतः सांगतो."

"उपासनेत काय म्हणणार आपण, पप्पा?" ऊर्मी म्हणाली. "तुमच्या त्या कागदावरच आहे. पन्नास वर्षांत या हातानं एकाही पायाला इजा झाली नाही. ते वाचणार तुम्ही? नित्या खाली बसलेली असताना?"

शमुवेलनं कागद उलटा केला.

तो काही खोटं बोलणारा माणूस नव्हता. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात त्याची उभी नोकरी तपासणी खात्यात गेली, सदोष भाग परत पाठवण्यात त्यानं कधी कोणाची भीड ठेवली नाही. पण आबांची गोष्ट वेगळी होती. आबांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या कडेला चपला शिवायचे. गाव चपला घालायचं आणि शिवणाऱ्याच्या हाताचं पाणी प्यायचं नाही. बाप्तिस्मा घेऊन ते मिशनच्या शाळेत मास्तर झाले तेव्हा त्यांनी आरी आणि चामडं कापायची रापी विहिरीत टाकली, अशी घरात आठवण सांगतात. आणि त्यांचाच मुलगा चेंगलपट्टूकडच्या मिशन दवाखान्यात कारकून म्हणून आला, तिथले पाय पाहिले, आणि टेबलखुर्ची सोडून पुन्हा चांबड्याला बसला. मास्तरांनी मुलाशी बोलणं टाकलं. ज्यातून मी तुला ओढून काढलं त्यातच तू पाय घातलास, एवढंच म्हणाले. शमुवेललाही तरुणपणी हे नको नको व्हायचं. कारखान्यात तो सांगायचा, वडिलांचं ऑर्थोपेडिक युनिट आहे. मोठेपणी त्याला कळलं की आबांनी तो धंदा पत्करला नव्हता, सेवा पत्करली होती, आणि ती इतकी चोख केली की नावं ठेवायला जागा उरली नाही. आज मंडळीपुढं तो हेच सांगणार होता. एका अर्थी ती त्याची बापाकडं माफी होती, आणि ती नेमकी आजच हातची जात होती.

"दादाचं एका परीनं बरोबर आहे," शर्मिष्ठा म्हणाली. मघाची धार तिच्या आवाजातून गेली होती. "सांगायचं कशाला तरी? शहाऐंशी वर्षांचं माणूस. काम काढून घेतलं तर महिन्यात अंथरूण धरतील, मी असे किती पाहिलेत. वहिनी पाहत होती तसंच यापुढं ऊर्मी पाहील, रोज, न चुकता. आबा हात फिरवोत. त्यांचं समाधान त्यांना."

"हेच मी करत होते," मीनाक्षी म्हणाली, "तर मघा ओरडलात."

"ओरडले कारण तू एकटीनं केलंस."

"माझ्या माहेरी देवघर होतं. इथं आले तर नुसती भिंत. मज वाटलं, ही माणसं पूजा कुठं करतात? मग खाली दुकानात आबांना बघितलं आणि कळलं." तिनं डोळे पुसले. "म्हाताऱ्या माणसाचं देवघर मी कसं बंद करू, सांगा."

"देवघर त्यांचं, आणि पाय नारायणस्वामींचा," ऊर्मी म्हणाली. "अम्मा, तो माणूस आपल्याकडं विश्वासानं आला."

"तू नको बोलू गं. थेंब तुझाच ना?" मीनाक्षी म्हणाली.

ते लागलं. ऊर्मीनं चप्पल टेबलावर ठेवली. आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, शमुवेल म्हणाला, "नाही. शर्मिष्ठा, तुझं चालायचं नाही. तपासणाऱ्याच्या मागं चोरून दुसरा तपासणारा ठेवला, की तिघंही बघायची थांबतात. करणारा म्हणतो पुढचा बघेल, पुढचा म्हणतो मागच्यानं केलंच असेल. आमच्याकडं अशानं अख्खी खेप परत आली होती. आत्ताही तेच झालंय. ऊर्मी आबांवर विसंबली, आबा बोटांवर विसंबले, आणि बोटं गेलीयत हे एकट्या मीनाक्षीला माहीत. सांगायचंच झालं तर..." तो थांबला. "सांगायचंच झालं तर आजच सांगायला लागेल. उद्या सकाळी दुकान उघडतं."

"मग सांग," शर्मिष्ठा म्हणाली. "तू थोरला आहेस."

शमुवेल उठला, शर्ट चढवला, बटणं लावली, आणि दाराकडं वळून तिथंच राहिला. आबा दारात उभे होते.

संध्याकाळच्या उपासनेचे बूट ते आत्ताच घालून आले होते, चांगले चकचकीत. किती ऐकलं ते चेहऱ्यावरून कळेना. ते आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "आण ती चप्पल."

ऊर्मीनं ती त्यांच्या हातात दिली. आबांनी डोळे मिटले. हात आत गेला, टाचेवरून हळूहळू पुढं सरकला, अंगठ्यामागं आला, त्या खड्यावरून गेला आणि पुढं बोटांच्या जागी पोचला. मग कडेनं, मग पट्ट्यांखालून. चौघंही त्या हाताकडं बघत होती. शर्मिष्ठानं आयुष्यात इतकी माणसं मरताना पाहिली होती, पण तिलाही हे बघवेना.

"काही नाही," आबा म्हणाले. "चांगली आहे."

आबांनी डोळे उघडून एकेकाचं तोंड पाहिलं. मग पुन्हा हात घातला, या वेळी घाईनं, जोर देऊन. "कुठं आहे? सांगा की."

"अंगठ्यामागं, आबा," ऊर्मी म्हणाली.

त्यांनी बोट तिथं नेलं आणि दाबून धरलं. मग हात काढून घेतला. चप्पल दोन्ही हातांत उचलली, पट्टे बाजूला सारले, आणि तिचा आतला तळ आपल्या गालाला लावला.

"आबा, अहो, पायातली आहे ती," शमुवेल पुढं झाला.

आबांनी ऐकलं नाही. ते गाल त्या अस्तरावरून हळू फिरवत राहिले, आणि एका जागी थांबले. खडा तिथं होता. दाढीच्या खुंटांमधून चांगला टोचत होता.

किती तरी वेळ त्यांनी चप्पल गालावरून काढली नाही. त्यांना भीती वाटत होती. हे त्यांना आधीच कळलं होतं, आणि आपल्याला ते कळलं होतं हे मात्र आत्ता कळत होतं. सुईत दोरा जाईना तेव्हा त्यांनी डोळ्यांना दोष दिला. सदऱ्याचं बटण सापडेना तेव्हा शिंप्याला. बोटांना मुंग्या आल्या तर थंडीनं, असं मनाशी म्हटलं, जसं काही मद्रासला थंडी पडते. पन्नास वर्षं ज्या माणसांना त्यांनी सांगितलं की रोज पाय बघा, तुमच्या पायावर विश्वास ठेवू नका, त्या माणसांइतकेच तेही लबाड निघाले.

"मीनाक्षी," ते म्हणाले, "माझ्यामागं तू बघत होतीस?"

"होय, आबा."

"सापडत होतं?"

तिला नाही म्हणायचं होतं. "सापडत होतं," ती म्हणाली.

"मग मी काय करत होतो इतके दिवस? डोळे मिटून?"

"प्रार्थना करत होता तुम्ही," ऊर्मी म्हणाली.

"प्रार्थना करायला चप्पल कशाला लागते गं?" आबांचा आवाज चढला नाही. "ती मी अंथरुणात पडूनही करेन. चप्पल बघायची होती मला. आपल्या कामात बघणं हीच प्रार्थना. दवाखान्यात पहिल्यांदा एका बाईचा पाय मांडीवर घेतला, तेव्हा मला काही शब्द सुचले नाहीत. पाय बघितला, नीट बघितला, आणि वाटलं, झालं, हेच मागितलंय माझ्याकडं. बघणं गेलं की मागं नुसते ओठ राहतात. ओठ हलवत होतो मी."

शर्मिष्ठा म्हणाली, "आबा, वय झालं की होतं. त्यात पाप नाही."

"बोटं गेली त्यात पाप नाही. माझ्यानंतर कोणी हात घालायचा नाही, हा कायदा कोणी केला? प्रभूनं? मी केला. काम त्याचं म्हणत होतो आणि शेवटचा हात माझाच हवा होता." ते सुनेकडं वळले. "तू माझी लाज राखलीस, पोरी. नारायणस्वामींचा पाय राखायचा होता."

मीनाक्षीनं पदर तोंडाला लावला. आबांनी तिला जवळ बोलावलं नाही की समजूत घातली नाही. ते एवढंच म्हणाले, "आणि मी तुला असं वागवलं, की तुला हे तोंडावर सांगता आलं नाही. ते पाप माझ्याकडं लागलं. चल, खाली कोण बसलंय ना?"

"आबा, उपासना..." शमुवेलनं सुरुवात केली.

"होईल की. आभार मानायला कोणी मनाई केलीय? पण या हाताचं कौतुक तू वाचायचं नाहीस. काय झालं ते मी उभा राहून सांगेन."

"लोकांसमोर?"

"लोकांच्याच पायात जातात ना आपले जोड? त्यांनी आज घरी जाऊन चपलेत हात घालून बघायला हवा." ते उठले. "आणि तोंड असं करू नकोस. शाल घेईन मी. पोरीनं पुण्याहून ओझं वाहून आणलीय."

शमुवेलनं कागद चुरगळून खिशात घातला. दोन आठवडे खपून त्यानं ते लिहिलं होतं. गंमत म्हणजे आता बापाविषयी सांगण्यासारखं त्याच्याकडं जास्त होतं, आणि लिहिलेलं काही नव्हतं.

आबा जिन्याचा कठडा धरून उतरले. नित्या उठून उभी राहिली. त्यांनी तिला बसायला लावलं आणि तिच्यासमोर उभं राहून, चांगल्या तमिळमध्ये, आडपडदा न ठेवता सांगितलं. चप्पल मी तपासली. माझ्या बोटांना कळत नाही. ते मी स्वतःपासून लपवलं, म्हणून तुझ्या वडिलांचा पाय फाटला. मला क्षमा कर. उद्या सकाळी त्यांच्याकडंही मागायला येतो.

नित्या घाईनं पुन्हा उठली. आजोबांच्या वयाचा माणूस हात जोडून उभा. "अय्या, अप्पा रागावलेले नाहीत. ते म्हणाले, जखम भरली की पुन्हा जोड करायचा तो अय्यांच्याच हातचा. दुसऱ्या कोणाचा मी घालणार नाही."

"त्यांना सांग, माझ्या हातचा हवा असेल तर मला वाटेल की त्यांनी मला माफ केलं नाही." आबा थोडं हसले. "ऊर्मी करेल. थेंब तिनं सांडला, आता ती जन्मात सांडणार नाही. तिच्यानंतर माझी सून हात घालेल, सगळ्यांसमोर, फडकं न घेता. आणि तिच्यानंतर तू घालायचास. घरी जाऊन, रोज."

सून आणि नातीमागोमाग शर्मिष्ठाही खाली आली होती. तिनं जखमेची विचारपूस सुरू केली, पट्टी कोण बदलतं, साखर किती, रात्री पाय कशावर ठेवतात. नित्या सांगू लागली आणि सांगता सांगता पहिल्यांदाच रडली. शर्मिष्ठानं तिला जवळ घेतलं आणि उद्या आपणही येतो म्हणाली. थोड्या वेळानं नित्या गेली. जाताना रिकामी पिशवी घडी घालून तिनं मीनाक्षीच्या हातात दिली आणि मीनाक्षीनं तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला.

आबा आपल्या बैठकीकडं गेले. पायाच्या आकाराची लाकडी कलबुतं ओळीनं मांडलेली, रापी तेल लावून ठेवलेली. त्यांनी ती उचलली, मूठ नीट धरली गेलीय का ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मूठ पुढं करून ऊर्मीला दिली. "बैठक खिडकीकडं सरकवून घे. तुला उजेड लागेल. माझं अंधारातही भागायचं."

ऊर्मीनं रापी घेतली आणि खाली ठेवली. तिला खूप काही म्हणायचं होतं. एकदम तिला कॉलेजातला पहिल्या वर्षाचा धडा आठवला.

"आबा," ती म्हणाली, "हाताची बोटं नंतर जातात. आधी पाय जातात."

"ते मला सांगतेस?"

"बूट काढा."

"वर माणसं यायला लागलीत."

"येऊ देत. बसा इथं."

तिनं दाखवलं ते गिऱ्हाइकाचं बाकडं होतं. आबा त्यावर कधी बसले नव्हते. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, जिन्यात येऊन थांबलेल्या शमुवेलकडं पाहिलं. कोणीच त्यांची सुटका करेना. ते बसले.

ऊर्मीनं जमिनीवर मांडी घालून नाड्या सोडल्या. उजवा बूट काढला, मोजा उतरवला. पाय कोरडा, टाचेला भेगा. डावा बूट काढला आणि मोजा करंगळीपाशी चिकटला. तो सुटताना शर्मिष्ठानं श्वास आत ओढला. करंगळीच्या कडेला कातडी सोलवटून ओली झाली होती, जुनी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. बूट तिथं रोज घासत असणार. आबा वाकून बघत होते, दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसे. ऊर्मीनं जखमेच्या बाजूला बोट टेकवलं.

"कळतंय?"

"नाही."

"इथं?"

त्यांनी मान हलवली.

शर्मिष्ठा पाणी आणि कापूस आणायला धावली. शमुवेल खाली येऊन बापाशेजारी बाकड्यावर बसला, आणि त्यानं त्यांचा हात हातात धरला. आबांना तो धरलेला दिसला. वर गच्चीत कोणीतरी पेटीचे सूर धरून पाहत होतं, पाळकसाहेब आल्याचं कोणीतरी जिन्यातून ओरडून सांगितलं. मीनाक्षीनं शटर आतून खाली ओढलं.

जखम धुऊन पट्टी झाल्यावर ऊर्मीनं मापाचा कागद जमिनीवर पसरला, आबांचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढली. आबा खूप वेळ नातीच्या खाली घातलेल्या मानेकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नीट कर, ऊर्मी," ते म्हणाले. "मला कळणार नाही."